अनुभव धागा: स्की 'येते' म्हणायला तुम्हाला किती सराव लागला?

जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तरी आपल्याकडची बरीच मंडळी आता हिवाळ्यात गुलमर्ग-औलीला जाऊन, नाहीतर नोकरीच्या गावी राहून स्की शिकतायत. परवा भरीत पार्टीत विषय निघाला. एक म्हणाला चार दिवस पुरे, दुसरा म्हणाला चार वर्षं. दोघंही खरं बोलत होते असं वाटलं, म्हणून हा धागा. खान्देशातल्यांनी आणि इथून बाहेर गेलेल्यांनी लिहा. फक्त 'येते' म्हणजे तुमच्या लेखी काय, तेही सांगा. नुसतं खाली पोचणं सगळ्यांनाच जमतं, बसून का होईना.

माझ्यापासून सुरुवात करतो. झेलम एक्स्प्रेसने जम्मू, तिथून रस्त्याने गुलमर्ग, आणि दोन आठवड्यांचा बेसिक कोर्स. सुरुवातीला उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचं नावच नाही. स्की उताराला आडव्या धरून एकेक पाऊल वर चढायचं, दहा सेकंदांत खाली यायचं, परत चढायचं. बुटाच्या तळाला बर्फ चिकटला की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, लागत नाही. पोलने, म्हणजे हातातल्या काठीने, तो खरवडायचा, टाच दाबायची आणि 'खट्' आवाज येईपर्यंत वाट बघायची. पडल्यावर उठणं हाही धडाच. दोन्ही स्की उताराच्या खालच्या अंगाला, उताराला आडव्या आणायच्या आणि मग उठायचं. त्यांची टोकं उताराकडे राहिली तर उठल्या उठल्या गाडी सुटते. कोर्स संपताना स्नोप्लाऊमध्ये, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून, आरामात वळत थांबत उतरत होतो. पुढच्या वर्षी गेलो तर अर्धं विसरलेलं! पहिले दोन दिवस जुनी उजळणी करण्यातच गेले. सलग दोन आठवडे मिळणं आणि तेच दिवस चार वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी मिळणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चाळीसगाव, ट्रान्सपोर्टचा धंदा

भो, नवशिक्या सारखा ब्रेकच मारत राहतो. आमच्या कन्नड घाटात नवा ड्रायव्हर जसा ब्रेक दाबून ट्रक उतरवतो आणि लायनर जाळतो, तसं स्नोप्लाऊ धरून मांड्या जळतात. वेग वळणाने मारायचा असतो. वळण पूर्ण घ्यायचं, स्की उताराला आडवी होऊ द्यायची, जमल्यास थोडी वरच्या बाजूला वळू द्यायची. वेग आपोआप पडतो. हे इन्स्ट्रक्टर पहिल्याच दिवशी सांगतो. पायाला समजलं ते दुसऱ्या मोसमात, मनालीजवळच्या सोलंगला. भीती वाटली की अंग मागे जातं, हा दुसरा त्रास. मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो आणि ती वळेनाशी होते. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली पाहिजे आणि वजन खालच्या बाजूच्या स्कीवर. माझ्या लेखी 'येते' म्हणजे मांड्या न पेटता वरून खालपर्यंत.

अमळनेर, सध्या म्युनिक

मी छत्तिशीत शिकले, मुलगा चौथ्या वर्षी. तो माझ्या कितीतरी आधी पुढे गेला. त्याला भीती नव्हती, आणि पडायला उंचीही नव्हती. इथून ऑस्ट्रिया जवळ, त्यामुळे हिवाळ्यात शनिवार-रविवार निघता येतं. युरोपात उतारांना रंग असतात: निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. आठवडाभर स्की शाळेत गेलं की धडधाकट माणूस निळ्यावरून उतरायला लागतो, हे खरं आहे. लोक इथेच 'मला येतं' म्हणून मोकळे होतात. पण तोच निळा उतार सकाळी आठ-नऊला रात्रीच्या गारठ्याने काचेसारखा झालेला असतो, स्कीच्या कडा धरतच नाहीत. मार्चमध्ये दुपारनंतर त्याचाच चिखल होतो आणि ढीग पडतात. ढगात उजेड सपाट झाला की समोर खड्डा आहे की उंचवटा, कळत नाही. मी पाच हिवाळे जातेय. लाल उतारावर पॅरलल वळणं घेते, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून; पण बर्फ कडक असेल तर अजून जीव मुठीत असतो. मग येते की नाही? मी म्हणते, अर्धी.

नंदुरबार

सोलंगला अर्धा तास भाड्याने स्की घेतल्या. भाड्याने देणाऱ्याने हात धरून ओढलं, फोटो काढले, पैसे घेतले. घरी सगळ्यांना वाटतं मला येते. मी काही बोलत नाही. 😄

शिरपूर, सध्या मिनेसोटा

डोंगर मोठा पाहिजे हा गैरसमज. मिनियापोलिसजवळ बक हिल म्हणून टेकडी आहे, उतार जेमतेम शंभर मीटर उंचीचा. लिंडसे वॉन लहानपणी तिथेच शिकली आणि पुढे 2010 च्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण जिंकली. मी ऑफिस सुटल्यावर दिव्यांच्या उजेडात जातो. उतरायला मिनिटही लागत नाही, म्हणून एका संध्याकाळी कितीतरी फेऱ्या होतात, आणि सगळ्या एकाच गोष्टीसाठी. एका दिवशी फक्त डावीकडचं वळण, दुसऱ्या दिवशी फक्त थांबणं. सुट्टीत मोठ्या डोंगरावर गेलेला माणूस लिफ्टमध्ये बसून निसर्ग बघत असतो, त्याचा अर्धा दिवस तिथेच जातो. त्यामुळे 'किती दिवस' याला माझ्याकडे उत्तर नाही, 'किती वळणं' विचारा. आबा फोनवर विचारतात, एकच टेकडी रोज काय उतरतोस? आता त्यांना काय सांगू!

धुळे, फिजिओथेरपिस्ट

सरावाइतकीच तयारी महत्त्वाची. स्कीमध्ये मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याचा व्यायाम उपयोगी. मी लळिंगचा किल्ला चढून सावकाश उतरायला सांगते, आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायला. गुडघ्यातला लिगामेंट फाटणं ही स्कीतली नेहमीची मोठी दुखापत. दमल्यावर 'एक शेवटची फेरी' टाळा. पोल हातात असताना पडलं तर अंगठा मुरगळतो, म्हणून पडताना पोल सोडायची सवय लावा.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

माझा अनुभव औलीचा. निवृत्तीनंतर शिकलो, वळतो आणि थांबतो, त्यापुढे जायची हौस नाही. पण तरुणांनी बर्फाचा हिशेबही धरावा. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा औलीला झाल्या, तरी काही वर्षं तिथे जानेवारीतसुद्धा पुरेसा बर्फ नसतो. 2023 च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचली आणि रोपवे बंद झाला. ठरवलेला मोसम असा हातचा जातो आणि शिकलेलं गंजतं. आणि गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवाटच्या डोंगरावर जायची घाई करू नका. ते 3,900 मीटरच्या वर आहे, खाली सगळा मोकळा डोंगर, हिमस्खलनाचा धोका. तिथे नुसतं वळता येऊन भागत नाही. हिमस्खलनात सापडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब सळई (प्रोब), फावडं पाठीवर पाहिजे, ते वापरता आलं पाहिजे आणि सोबत गाइड पाहिजे.

रावेर

केळीची कापणी उरकून फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं चाललंय. वजन 95 आहे. जमेल का?

धुळे, फिजिओथेरपिस्ट

जमेल, भाऊ. पडल्यावर स्की बुटापासून कधी सुटावी तो बाइंडिंगचा आकडा वजन, उंची, वय आणि बुटाच्या लांबीवरून लावतात. दुकानात विचारलं की लाजून 80 सांगू नका.

रावेर

बायकोसमोर विचारलं तर?

धुळे, फिजिओथेरपिस्ट

तरी 95.