‘द नाइन टेलर्स’मधील घंटांची पाने गाळून वाचावीत का?

करवीर_वाचक (प्रश्न):
आमच्या कोल्हापुरातील राजारामपुरीच्या वाचक गटाने पुढील बैठकीसाठी डोरोथी सेयर्स यांची ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) ही रहस्यकादंबरी निवडली आहे. गटातील बहुतेकांचे रहस्यवाचन बाबुराव अर्णाळकरांपासून सुरू होऊन अगाथा ख्रिस्तींपर्यंत आलेले आहे, त्यामुळे प्रेत लवकर सापडावे आणि लगेच संशयितांची उलटतपासणी सुरू व्हावी, अशी आमची अपेक्षा असते. येथे मात्र वर्षअखेरच्या संध्याकाळी हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झीची मोटार बर्फामुळे रस्त्याकडेच्या चरात जाते, तो जवळच्या खेड्यातील धर्मगुरूंकडे मुक्काम करतो आणि इन्फ्लुएन्झाने आजारी पडलेल्या एका गावकऱ्याच्या जागी उभा राहून रात्रभर चर्चच्या घंटा वाजवतो. त्या घंटांच्या क्रमाचे वर्णन मला मुळीच उमगलेले नाही. ती पाने गाळल्यास पुढे काही अडेल का? शेवट कृपया फोडू नये.

जुना_सभासद:
गाळू नका. त्या वर्णनाचे गणित सोपे आहे. मोठी घंटा दोराने पूर्ण वर्तुळात फिरवली जाते, तेव्हा तिचा वेग फारसा बदलता येत नाही आणि तिच्यावर सूर वाजवणे शक्य नसते. म्हणून इंग्लंडमधील वादक घंटांचा क्रम बदलत जातात: प्रत्येक फेरीत एखादी घंटा फार तर एका जागेने पुढे किंवा मागे सरकते आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नसतो. चार घंटा १२३४ अशा वाजल्या, तर पुढची फेरी २१४३ आणि त्यापुढची २४१३ अशी होऊ शकते. आठ घंटांचे एकूण ४०,३२० क्रम होतात. कादंबरीतील मंडळी त्यांपैकी १५,८४० क्रम नऊ तासांत वाजवतात. एवढे ध्यानात ठेवून कोणत्याही एका घंटेच्या जागेवर बोट ठेवून वाचत जा, कारण पुढे हाती येणाऱ्या एका सांकेतिक कागदाची किल्ली याच पद्धतीत आहे. शीर्षकाचा उलगडाही घंटांतूनच होतो: त्या गावात पुरुष वारला की नऊ टोल (‘टेलर्स’ म्हणजे हेच टोल), स्त्री वारली की सहा, आणि त्यानंतर वयाच्या वर्षांइतके टोल दिले जातात.

गवाक्ष:
पाने गाळण्याची इच्छा होणारे आपण पहिले नव्हेत. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये रहस्यकथांवर कडक टीका करताना याच कादंबरीतील घंटांचा बराच भाग आपण गाळल्याचे लिहिले होते आणि पुस्तक अत्यंत कंटाळवाणे ठरवले होते. माझ्या मते त्यांनी पुरावाच न वाचता निकाल दिला.

पंचगंगाकाठ:
घंटांइतकेच त्या कादंबरीतील पाण्याकडेही लक्ष द्यावे. सेयर्स यांचे वडील धर्मगुरू होते आणि सेयर्स यांचे बालपण पूर्व इंग्लंडमधील ‘फेन’ या सखल, पाणी उपसून शेतीखाली आणलेल्या प्रदेशाच्या काठावर गेले. त्यामुळे बांध, कालवे आणि जलद्वारे ही या पुस्तकात नुसती पार्श्वभूमी राहत नाहीत. जलद्वाराची दुरुस्ती कोणी करायची यावरून निरनिराळी खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, हा भाग वाचताना, दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या धोका रेषेकडे सरकू लागली की कर्नाटकातील अलमट्टी धरणावरून होणारे वाद ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज पडणार नाही. पूर आल्यावर उंचावरच्या चर्चमध्ये माणसे, अंथरुणे, धान्य आणि गुरे यांची सोय धर्मगुरू ज्या शिस्तीने लावतात, ती प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी अशा पुराचा फटका बसणाऱ्या गावांतील वाचकाने तर अवश्य वाचावी. (हे सांगितल्याने शेवट फुटत नाही, खुनाचा उलगडा निराळा आहे.) १९३० च्या सुमाराच्या इंग्रजी रहस्यकथांत खेडे बहुधा खुनासाठी उभारलेल्या नेपथ्यासारखे असते, पण फेनचर्च सेंट पॉल हे गाव काल्पनिक असूनही खुनाच्या आधी आणि नंतरही आपल्या कामात गुंतलेले दिसते.

तर्कदुष्ट:
स्तुती बरीच झाली, म्हणून एक आक्षेप नोंदवतो. मृत्यूचे जे कारण शेवटी पुढे येते, ते वैद्यकीय कसोटीवर कितपत टिकेल याविषयी मला दाट शंका आहे. वाचकाला सर्व धागे आधी दिले पाहिजेत, हा त्या काळचा दंडक सेयर्स पाळतात, हे मान्य. परंतु धागा दिसणे आणि तो पटणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिवाय गटाला सेयर्स प्रथमच वाचायच्या असतील, तर ‘मर्डर मस्ट अ‍ॅडव्हर्टाइज’ (१९३३) अधिक सोयीची ठरली असती. सेयर्स यांनी स्वतः जाहिरात संस्थेत अनेक वर्षे नोकरी केलेली असल्यामुळे तेथील कार्यालयीन हेवेदावे आणि चहाच्या वेळच्या गप्पा त्या कादंबरीत फार चोख उतरल्या आहेत.

करवीर_वाचक:
सर्वांचे आभार. पुस्तक आता बदलता येणार नाही, पण पहिले प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा वाचतो आहे. तर्कदुष्ट, आपली वैद्यकीय शंका बैठकीत अवश्य मांडावी. गटात दोन डॉक्टर आहेत आणि त्या दोघांचे एकमत क्वचितच होते.