टी-एच म्हणजे थ? घोकंपट्टीच्या पोस्टला उत्तर

पहिलीची बाई: 'एस-एच म्हणजे श, सी-एच म्हणजे च, टी-एच म्हणजे थ, तक्ता लावा, महिनाभर घोकून घ्या, पोरं वाचायला लागतात' ही पोस्ट काल शिक्षकांच्या ग्रुपवर फिरली. राहवलं नाही म्हणून लिहिते. तक्ता तोंडपाठ असलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात आणि 'शिप' समोर आलं की 'स्हिप' वाचतात. देवनागरीमुळे दिसलेल्या प्रत्येक अक्षराचा आवाज करायची सवय असते. दोन अक्षरं मिळून एक आवाज, हे कुणी कानाला ऐकवलेलंच नसतं. मी आधी गोट्या मांडते. 'शिप'चे आवाज तीन, गोट्या तीन. मग चार अक्षरं लिहून एस-एचखाली एकच रेघ. मग शिप-चिप, शॉप-चॉप. टी-एच सगळ्यात शेवटी, कारण 'थिन' आणि 'धिस'मध्ये त्याचे आवाज दोन. तक्त्यात एकच कसा?

द्विशिक्षकी शाळा: बाई, माझ्यासमोर पहिली-दुसरी एकाच खोलीत बसतात. गोट्या कधी मांडू? माझी मुलं तक्त्यावरच वाचायला शिकली.

ठाणेकर बाबा: आमच्या मुलीने स्टेशनची पाटी 'थाणे' वाचली! आता साठे, पाठक कसं वाचायचं तेही शिकवा.

मायमराठी: पाटीवर देवनागरीत 'ठाणे' असताना ती रोमन का वाचते? २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्याची ही फळं.

ठाणेकर बाबा: सहा वर्षांची आहे ती, दिसेल ते वाचते. तिच्यावर घसरू नका.

मायमराठी: तिच्यावर नाही, धोरणावर बोलतोय. आधी मराठी पक्की होऊ द्या.

इंग्लंडमधली आई: इथे २०१२पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची चाचणी होते. ४० शब्द, त्यातले २० निरर्थक. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही, माझ्या मुलाचं पाहिलंय.

द्विशिक्षकी शाळा: तिकडच्या गोष्टी इकडे नकोत. आपल्याकडे थ म्हटलेलं सगळ्यांना कळतं.

पहिलीची बाई: थ मीही म्हणते. पण तुमचा तक्ता पाठ केलेलं मूल 'धिस'ला 'थिस' वाचतं. 'चार' आणि 'चाक'मधले दोन च मुलं न शिकवता ओळखतात, कारण शब्द आधी कानावर पडलेले असतात. 'धिस' माझ्या वर्गातल्या किती घरांत ऐकू येतो?

द्विशिक्षकी शाळा: बरं, टी-एचची ओळ काढतो. बाकी तक्ता राहणार. आणि सी-एचमध्ये 'स्कूल' आलं की काय करता?

पहिलीची बाई: अख्खा शब्द ओळखायला देते. पहिलीत त्याचा नियम सांगत नाही.