सिझर छोट्या दवाखान्यात चालतं का? लवकर सांगा

अमोल_पुणे
बायको माहेरी, मेळघाटात धारणीच्या पुढे गाव. आठवा महिना. पहिलंही सिझरच होतं. तिथल्या एका डॉक्टरांचा चार खाटांचा दवाखाना आहे. ते म्हणतात आमच्याकडेच करू, भूलतज्ज्ञ परतवाड्याहून बोलावतो. सासरे तयार आहेत. मला शनिवारी ॲडव्हान्स पाठवायचा आहे. चालेल की नाही एवढंच सांगा, लेक्चर नको.

नर्सताई
पहिलं सिझर कधी झालं? हिमोग्लोबिन किती? रक्त जवळ कुठे मिळतं? हे कळल्याशिवाय काय सांगू?

वऱ्हाडी_माणूस
भूलवाला परतवाड्याहून घाट चढून येईन तवा सिझर होईन? काहून जिवाशी खेळता भाऊ! आमच्याकडचे लोक बुऱ्हाणपूरले नेतात.

अमोल_पुणे
बुऱ्हाणपूर नको. रक्ताचं डॉक्टर बघतील ना. पोरगा चौदा महिन्यांचा आहे.

निसर्गमित्र
मुळात सिझर कशाला? माझ्या वहिनीचं पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल. सगळा पैशाचा खेळ आहे. गावात जाणती सुईण असेल तर घरीच होऊ द्या.

नर्सताई
निसर्गमित्र, वहिनींचं नॉर्मल घरी झालं की हॉस्पिटलात? सिझरनंतर नॉर्मल होतं, पण जिथे गरज पडताच लगेच पोट उघडता येईल तिथेच करून बघतात. कळांमध्ये गर्भाशयावरचा जुना व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक, आणि दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर त्याहून जास्त. इथे अंतर कमीच आहे.

निसर्गमित्र
हॉस्पिटलात झालं. पण मुद्दा तो नाही.

आजीचा_बटवा
सुनेला सव्वा महिना अळिवाची खीर दिली, दूध उतू जात होतं. सिझर असेल तर शेकशेगडी टाक्यांपासून लांब ठेवा. पोटपट्टा कुठला घ्यायचा तेही विचारा, सांगते.

अमोल_पुणे
काकू, बाळ अजून पोटात आहे.

सरिता_मु
माझं दुसरं सिझर अशाच एका नर्सिंग होममध्ये झालं. रक्तस्राव थांबेना. रात्री साडेअकराला नवऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली, दोन पिशव्या आणा. तो थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून आला. आमची रक्तपेढी तीन किलोमीटरवर होती, तुमची किती?
आणि पहिल्या बाळंतपणानंतर बायको कशी होती?

अमोल_पुणे
दोन महिने रडायची, पोराकडे बघायची नाही. त्याचा इथे काय संबंध?

सरिता_मु
आहे. पुन्हा होऊ शकतं. डॉक्टरांना आधीच सांगा. आशाताई घरी येतात तेव्हा बाळाचं वजन करण्यात सगळं राहून जातं, त्यांनाही सांगून ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फोनमध्ये घाला. फुकट आहे.

वऱ्हाडी_माणूस
सरकारीत न्या ना. जननी-शिशु सुरक्षा योजना २०११ पासून आहे. सिझर, औषध, रक्त फुकट, सात दिवस जेवण, न्या-आणाले १०२ ची गाडी.

निसर्गमित्र
कागदावर. खाट मिळते का ते विचारा.

अमोल_पुणे
भांडू नका. हिमोग्लोबिन ८.८. आत्ता सोनोग्राफीचा कागद आला, ३३ आठवडे. ‘प्लासेंटा अँटेरियर, लो-लाइंग’ लिहिलंय. खाली ‘फीटल हार्ट नॉर्मल’ आहे, म्हणजे ठीक ना?

नर्सताई
ठीक नाही. आधीच्या सिझरच्या जागेवर वार (प्लासेंटा) पुढून खाली असेल तर ती त्या व्रणात रुतलेली असू शकते. मग सोडवताना रक्ताचा लोट येतो, कधी गर्भाशय काढावं लागतं. रक्तपेढी नसलेल्या ठिकाणी हे सिझर कुणी करू नये, डॉक्टर कितीही चांगले असोत. रंगीत डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. तारखेची वाट न बघता शहरात राहायला आणा. दुखत नसतानाही रक्त दिसलं तर १०८, लगेच. ॲडव्हान्स पाठवू नका.

अमोल_पुणे
हे आधी का नाही सांगितलं कुणी?

नर्सताई
कागद आत्ता टाकलात.

अमोल_पुणे
सासऱ्यांशी भांडण झालं. उद्या सकाळी अमरावतीला डफरीनला, सरकारी स्त्री रुग्णालयात, निघतायत, मी रात्रीच्या ट्रेनने येतो. पोरगा आजीशिवाय राहत नाही, आणि बायकोसोबत आजीच पाहिजे. वॉर्डात लहान मूल घेतात का?

वऱ्हाडी_माणूस
विचारून सांगतो, माझी मावसबहीण तिथंच राहते. घाटात पोराले गाडी लागते, दूध पाजून बसवू नका.