मुलीला ‘बॉर्डरलाइन’ असल्याचे निदान झाले आहे, घरच्यांनी काय समजून घ्यावे?

नाशिकची आई

माझी मुलगी २३ वर्षांची आहे. तीन वर्षे आम्ही तिच्यावर नैराश्याचे उपचार करत होतो. गेल्या महिन्यात नव्या मनोविकारतज्ज्ञांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असे निदान केले. सकाळी ती मला बिलगून बसते आणि दुपारी मैत्रिणीने फोन उचलला नाही, एवढ्या कारणावरून ‘मी कुणालाच नको आहे’ म्हणत खोलीचे दार लावून घेते. स्वतःला इजा करून घेण्याचा प्रकारही दोनदा घडला. घरातली वडीलधारी मंडळी याला नाटक म्हणतात. हा स्वभाव आहे की आजार? औषधाने बरा होतो का? आणि माझेच काही चुकले का?

प्राजक्त (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुणे)

ताई, आधी हे सांगतो की ते नाटक नाही. अशा व्यक्तीची भावना चटकन पेटते, इतरांपेक्षा तीव्र असते आणि निवायलाही फार वेळ घेते. न उचललेला फोन तिला खरोखरच कायमचा दुरावा वाटतो. निदानाचे एकूण ९ निकष आहेत, त्यांतले किमान ५ जुळावे लागतात. सोडून जाण्याची भीती, टोकाची नाती, स्वतःविषयीची डळमळीत जाणीव, सततचे रितेपण आणि स्वतःला इजा करणे हे त्यांपैकी काही. सोबत नैराश्यही असू शकते, त्यामुळे मूळ विकार वर्षानुवर्षे नजरेतून निसटतो.

‘बॉर्डरलाइन’ या शब्दाने मात्र गैरसमजच वाढवले आहेत. १९३८ मध्ये मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी तो वापरला तेव्हा हे रुग्ण न्यूरोसिस (चिंता-भीतीसारखे, वास्तवाचे भान राखणारे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे) यांच्या सीमेवरचे मानले जात; ती कल्पना मागे पडली, नाव तेवढे उरले. त्याचा अर्थ ‘थोडासा आजार’ असा नाही आणि ‘वेडाच्या उंबरठ्यावर’ असाही नाही.

तुमच्या चुकण्याविषयी सांगायचे तर उपजत हळवेपणा आणि त्या हळवेपणाला न समजणारे वातावरण, या दोन्हींच्या दीर्घ देवाणघेवाणीतून हा विकार घडतो, असे मानले जाते. काहींच्या बालपणी अत्याचार झालेला असतो, तर अनेकांच्या बाबतीत तसे काहीच घडलेले नसते. प्रेमळ घरातही ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडायचे’ हे वाक्य शेकडो वेळा बोलले जाते, आणि बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो.

या विकारावरचे खास असे औषध नाही. नैराश्यासाठी चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण मुख्य उपचार मानसोपचार, म्हणजे संवादातून होणारा उपचार, हाच आहे. त्यातल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा, म्हणजे डीबीटीचा, सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे. ती अमेरिकेतील सिॲटल येथे मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केली. त्या स्वतः १७ व्या वर्षी, १९६१ मध्ये, मनोरुग्णालयात दाखल होत्या, आणि हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. हा उपचार साधारण वर्षभर चालतो. आठवड्याला एक वैयक्तिक सत्र आणि एक कौशल्यवर्ग असतो, म्हणजे तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्ये गटात शिकवणारा वर्ग.

बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातील २९० रुग्णांचा संशोधक मेरी झॅनारिनी यांच्या गटाने १० वर्षे मागोवा घेतला, तेव्हा ९३ टक्के रुग्णांची लक्षणे सलग दोन वर्षे तरी निदानाच्या पातळीखाली राहिल्याचे आढळले. नोकरी आणि नाती यांसह पुरते सावरलेले मात्र निम्मेच होते. म्हणून वादळ शमले तरी आयुष्याची घडी बसायला आणखी वेळ द्यावा लागतो.

ठाण्याची वाचक

मला हे निदान होऊन सात वर्षे झाली, म्हणून आतून कसे वाटते ते लिहिते. डीबीटीमध्ये रोज एक तक्ता भरायचा असतो: आज कोणती भावना किती तीव्र होती, इजा करून घेण्याची ऊर्मी शून्य ते पाचमध्ये किती होती, कोणते कौशल्य वापरले. पहिले दोन महिने मी तो रिक्षात बसून, सत्राला पोहोचता पोहोचता भरत असे. मग एका संध्याकाळी ऊर्मी पाचवर असताना पातेल्यात बर्फाचे पाणी घेतले, श्वास रोखून त्यात चेहरा बुडवला, आणि छातीतली धडधड खरोखर मंदावली. (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) दुःख तसेच होते, पण मध्ये दहा मिनिटे मिळाली, आणि त्या दहा मिनिटांत मी बहिणीला हाक मारू शकले.

तुम्ही एक करून पाहा. ती ‘कुणालाच नको आहे’ म्हणेल तेव्हा ‘असे काही नाही’ म्हणू नका. ‘फोन उचलला नाही म्हणून तुला फार एकटे वाटते आहे ना’ एवढेच म्हणा आणि शेजारी बसा. तिचा निष्कर्ष मान्य करायचा नाही, तिची भावना मान्य करायची आहे. माझी आई हे वाक्य कागदावर लिहून ठेवत असे, कारण ऐन वेळी ते तिला सुचत नसे.

नाशिकची आई

‘असे काही नाही’ हे मी रोज म्हणते. समजूत घालते आहे असे मला वाटत होते. आमच्याकडे डीबीटी करणारे कोणी असेल का, आणि तोवर रात्रीबेरात्री काही झाले तर काय करावे?

प्राजक्त

संकटाच्या वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटला तर मात्र थांबू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात न्या. घरातल्या औषधांचा साठा आजच कुलपात ठेवा. डीबीटीचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेले लोक आपल्याकडे अजून थोडेच आहेत, तेव्हा ऑनलाइन सत्रांचाही विचार करा. पहिल्या भेटीतच विचारा की प्रशिक्षण कुठे घेतले, कौशल्यवर्ग चालतो का, आणि दोन सत्रांच्या मधल्या काळात अडचण आली तर मुलीने फोन केलेला चालेल का. हे प्रश्न शक्यतो मुलीलाच विचारू द्या.