कोकामाइड डीईए : खोबरेलाचं नाव ऐकून निर्धास्त राहू नका

ताई, शाम्पूला फेस आणि दाटपणा देणाऱ्या कोकामाइड डीईएबद्दल "खोबरेलापासून बनतं, मग घाबरायचं कशाला" असं लिहिलंय तुम्ही. पण खोबरेल ही त्यातली एक बाजू. दुसरी डायइथेनॉलअमाइन (डीईए) या रसायनाची, आणि खरी काळजी तिथे आहे. उंदरांच्या कातडीला लावून केलेल्या चाचणीत यकृतात गाठी आढळल्या, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कोकामाइड डीईए '२ ब' गटात, म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्यांत टाकलं. युरोपात बंदी नाही, अटी आहेत. तयार मालात दुय्यम अमाइन (डायइथेनॉलअमाइन याच प्रकारातलं) ०.५ टक्क्यांच्या वर नको, आणि नायट्रोसामाइन (कर्करोगाशी जोडली जाणारी संयुगं) घडवणाऱ्या घटकांसोबत वापरायचं नाही. ब्रोनोपॉलसारखं प्रिझर्व्हेटिव्ह टाकत असाल तर हे आधी बघा.

सांगलीत आमच्या बचत गटाला शाम्पूसाठी कोकामाइड डीईएचा सुटा कॅन मिळाला, त्यावर बॅच नंबरसुद्धा नव्हता. परत केला. आता त्याऐवजी शाम्पू मिठाच्या पाण्यानं दाट करतो, चमच्या-चमच्यानं. जास्त पडलं की शाम्पू उलटा पातळ होतो. एक अख्खी बादली तशी गेली आमची.

आणि विकणार असाल तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, घरगुती असलं तरी.