मदत हवी आहे: ‘डॉट इन’ ठेवू की ‘डॉट कॉम’वर जाऊ?

नमस्कार मंडळी. आमच्या वहिनींचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे, त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. पत्ता ‘डॉट इन’चा. पुण्या-नाशकातून गुगलवर ‘हातमागाची पैठणी’ शोधलं की आमचं पान वरच दिसतं. लंडनच्या ग्राहकांना मात्र आधी तिथल्या ‘डॉट को डॉट यूके’वाल्यांची पानं दिसतात, आमचं पार खाली.

‘डॉट इन’ म्हणजे साइट भारतासाठी, असं गुगल धरतं, हे माहीत आहे. ‘डॉट आयओ’, ‘डॉट एआय’, ‘डॉट को’ हीसुद्धा खरं तर देशांचीच डोमेन, पण गुगल त्यांना सर्वसाधारण, म्हणजे कुठल्याही एका देशाशी न बांधलेली मानतं. ‘डॉट इन’ला ती सवलत नाही. गुगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात देश निवडायची सोय होती, तीही २०२२ मध्ये बंद झाली.

आता विचार असा आहे की ‘डॉट कॉम’ घ्यावं, त्यात भारत आणि ब्रिटनसाठी वेगळे फोल्डर करावेत, कोणतं पान कोणत्या भाषेच्या-देशाच्या लोकांसाठी हे गुगलला सांगणारे एचरेफलँग टॅग लावावेत आणि जुन्या प्रत्येक पानावरून ३०१ रीडायरेक्ट (कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) द्यावा. भीती एकच, इथलं बसलेलं रँकिंग ऐन लग्नसराईत घसरलं तर? विणकरांची मजुरी त्याच विक्रीतून निघते.

कुणी असं स्थलांतर केलंय का? रँकिंग सावरायला किती वेळ लागला? की ‘डॉट इन’ तसंच ठेवून ब्रिटनसाठी वेगळं ‘डॉट को डॉट यूके’ घेणं बरं? दोन साइट सांभाळायला माणूस मी एकटाच आहे, तेवढं लक्षात घेऊन सांगा.