अनुभव धागा : मिटिंग आणि प्रेझेंटेशन आटोपशीर कसं ठेवता?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची एमआयडीसी, उद्यमनगरातली वर्कशॉप, पतसंस्था, दूध संस्था, कॉलेजं. कोल्हापुरात कुणालाही विचारा, मिटिंग लांबते ही तक्रार सगळ्यांचीच. म्हणून तक्रार नको. तुमच्या कामात मिटिंग किती मिनिटांची, माणसं किती, समोर कागद कोणता, कुठं फसतं आणि का, एवढं लिहा. स्वतःची कहाणी नको, कंपनीचं किंवा साहेबांचं नाव तर अजिबात नको. आकडे मात्र हवेत.

फौंड्री, प्रॉडक्शन (शिरोली)

सकाळची मिटिंग १५ मिनिटं, उभ्यानं, बोर्डापुढं. बोर्ड शेडमध्येच हवा, पण नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढायची जागा) आणि ब्लोअरपासून लांब. तिथं लावला की मागचे दोघं ऐकू येत नाही म्हणून आपसात बोलत बसतात.

माणसं सात: मोल्डिंग (वाळूचे साचे), मेल्टिंग, कोअर शॉप (आतल्या पोकळीचे गाभे), फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), क्वालिटी, मेंटेनन्स, डिस्पॅच. प्रत्येकी एक, दोन नाहीत. प्रत्येकाला दोन मिनिटं म्हणजे चौदा झाली, एक मिनिट शिल्लक.

बोर्डावर काय? काल ओतलेलं मेटल टनात, शेजारी ठरलेलं किती. रिजेक्शन नगात आणि टक्क्यात, सगळ्यात वाईट तीन पार्टचं, पुढं दोष: ब्लोहोल (अडकलेल्या वायूचं भोक), सँड ड्रॉप (साच्यातली वाळू पडणं), कोल्ड शट (मेटल एकजीव न होणं), श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी). मशीन बंद राहिल्याची मिनिटं. आज जायचा माल आणि त्यातला अडकलेला. एवढंच. मिटिंग आठला असेल तर पावणेआठपर्यंत हे मार्करनं लिहिलेलं पाहिजे, आणि ज्याचा विभाग त्यानंच लिहायचं. ऑफिसातल्या पोरानं एक्सेलमधनं उतरवलं की पहिली पाच मिनिटं "हा आकडा आला कुठनं" यातच जातात.

रिजेक्शनचे रकाने दोन करा. एक आपल्या शेडमध्ये सापडलेलं, दुसरं मशिनिंगहून परत आलेलं. ब्लोहोल बऱ्याचदा मशिनिंगला कातरल्यावरच उघडा पडतो, तोवर कास्टिंग ओतून आठवडाही झालेला असतो. दोन्ही एका बेरजेत टाकलं की कालच्या पाळीवर मागच्या आठवड्याचं खापर फुटतं आणि मग भांडण. दुसऱ्या रकान्यात हीट नंबर (कुठल्या वितळणीतलं मेटल त्याचा क्रमांक) नसेल तर त्या आकड्यावर चर्चाच घेऊ नका.

क्रम महत्त्वाचा: आधी सुरक्षा, मग डिस्पॅच, क्वालिटी, मेंटेनन्स, टनेज शेवटी. टनेज पहिलं घेतलं की सगळा वेळ तेच खातं. जे ठरल्याप्रमाणं झालं त्यावर बोलायचं नाही, फक्त फरक सांगायचा. "का झालं" सुरू झालं की लगेच बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात विषय, दोन नावं आणि त्याच दिवसाची वेळ. सँड ड्रॉपचं कारण सात माणसांत उभ्या उभ्या सापडत नाही. त्याला वाळूच्या टेस्टचा कागद लागतो: ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (किती दबते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद), परमिएबिलिटी (वायू किती जाऊ देते). कागद नसेल तर मोल्डिंगवाला वाळूला नावं ठेवतो आणि सँड प्लांटवाला मोल्डिंगला.

मेंटेनन्स (गोकुळ शिरगाव)

वरच्याशी सहमत, एक भर. उजव्या कोपऱ्यातल्या विषयांना मर्यादा घाला. पाचच ओळी. सहावा विषय आला तर आधीचा एक बंद करायचा किंवा वर पाठवायचा. नाहीतर त्या कोपऱ्याचं कोठार होतं आणि पुढं तिकडं कुणी बघत नाही.

कारण शोधायचं काम ए-३ कागदावर करा. कागद ४२० बाय २९७ मिलिमीटरचा, एकच बाजू. डावीकडं आजची स्थिती, आकडा आणि कारण. उजवीकडं उपाय, कोण, कधी, आणि नंतर मोजणार काय. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही. आपल्याकडं उलटं होतं, "बेअरिंग बदला" आधी आणि कारण मागनं.

उभ्यानं मिटिंग घेण्यावर १९९९ साली एक अमेरिकन अभ्यास छापून आला होता. बसून घेतलेल्या मिटिंगा सुमारे ३४ टक्के जास्त लांबल्या, निर्णय मात्र काही जास्त चांगले निघाले नाहीत. गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन स्टूल ठेवा, त्यावरून थट्टा नको.

कॉलेज, प्रशिक्षण विभाग

प्रेझेंटेशनबद्दल, त्यातही मराठी स्लाइडबद्दल. यावर कुणी नीट बोलत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

अक्षराचा आकार अंदाजानं ठरवू नये, हिशेब सोपा आहे. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड १९.०५ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे ५४० पॉइंट. पडदा १२० सेंटिमीटर उंच असेल तर १८ पॉइंटची ओळ पडद्यावर ४ सेंटिमीटरची होते. पण त्यात वरची वेलांटी, खालचा उकार आणि मोकळी जागाही धरलेली असते. मूळ अक्षर साधारण २ सेंटिमीटरच उरतं. वाचायच्या अंतराचा २०० वा भाग एवढं अक्षर असावं असं धरलं तर ते ४ मीटरपर्यंतच नीट दिसेल. २८ पॉइंट ६ मीटरपर्यंत, ३६ पॉइंट ८ मीटरपर्यंत. हॉलमध्ये शेवटची रांग पडद्यापासून किती पावलं आहे ते आधी मोजा, मग फॉन्ट ठरवा. ओळींतलं अंतर १.२ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

फॉन्ट युनिकोडच हवा: मंगल, निर्मला, नोटो सान्स देवनागरी यांपैकी कुठलाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की रोमन अक्षरांचा नुसता चुरा दिसतो आणि दहा मिनिटं तिथंच जातात. सोबत पीडीएफ न्यायचीच, तिच्यात फॉन्ट आतच बसलेला असतो.

एक्सेलचा तक्ता उचलून स्लाइडवर चिकटवणं हा आपल्या भागातला मोठा रोग. १२ रकाने गुणिले ३१ दिवस म्हणजे ३७२ घरं. कोण वाचणार? ज्या घरावर बोलायचं आहे तेवढं स्लाइडवर, पूर्ण तक्ता छापून हातात. आणि स्लाइडचं शीर्षक "विक्री अहवाल" नको, "दुसऱ्या तिमाहीत घट फक्त सांगली भागात" असं पूर्ण विधान हवं. शीर्षकं ओळीनं वाचली तर सगळा मुद्दा कळला पाहिजे. कळत नसेल तर स्लाइड चुकीच्या क्रमात आहेत.

वेळ: मराठीत सावकाश, थांबत बोलायचं तर एका भरीव स्लाइडला दोन मिनिटं धरा. २० मिनिटं मिळाली असतील तर ८ स्लाइड करा. उरलेली चार मिनिटं प्रश्नांची. जास्तीची माहिती शेवटच्या स्लाइडच्या मागं ठेवा आणि तिचे क्रमांक कागदावर लिहून घ्या. सादरीकरण चालू असताना क्रमांक दाबून एन्टर मारलं की थेट ती स्लाइड येते, मागं-पुढं पळवावं लागत नाही. बी दाबलं की पडदा काळा होतो. चर्चा सुरू झाली की दाबा, सगळे माणसाकडे बघतात.

लॅपटॉपला टाइप-सी आणि प्रोजेक्टरला जुना व्हीजीए, ही जोडी अजून पुष्कळ हॉलमध्ये भेटते. अ‍ॅडॉप्टर स्वतःचा ठेवा. चित्र आलं नाही तर विंडोज आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा.

पतसंस्था, सचिव

आमच्याकडे दोन प्रकारच्या सभा, दोन्हींचे नियम वेगळे.

संचालक मंडळाची मासिक सभा लांबते ती कर्ज प्रकरणांवर. फाइल सभेत उघडायची नाही. प्रत्येक प्रकरणाची एक ओळ: सभासद क्रमांक, मागणी, तारण, मूल्यांकन, जुनी थकबाकी, जामीनदार, शाखेची शिफारस. प्रकरणांचे तीन गट करून टिपणी आधी द्यायची. नियमात पूर्ण बसणारी, एखादी अट घालून देता येणारी आणि चर्चेची. पहिला गट एका ठरावात जातो. वेळ तिसऱ्या गटाला द्यायचा. नातेवाइकांचे प्रकरण असेल तर संबंधित संचालकाने बाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. हे तोंडी ठरवले की हमखास वाद होतो.

वार्षिक सभेचे वेगळे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. सगळ्यांच्या सभा त्याच पंधरवड्यांत येतात, हॉल आधी बघा. नोटिशीत लेखी प्रश्न मागवण्याची तारीख ठळक छापा. आलेल्या प्रश्नांची विषयवार जुळणी करून उत्तरे छापून खुर्चीवर ठेवली तर निम्मे लोक उठतच नाहीत. अहवाल वाचून दाखवू नका. तो सभासदांच्या घरी पोचलेला असतो. नफा, एनपीए (थकीत कर्जे), लाभांश, लेखापरीक्षणातले शेरे आणि त्यांची पूर्तता, एवढे पाच मिनिटांत सांगा. शेरे लपवले की नेमके तेच माइकवर येतात.

घसरगुंडी शेवटच्या ओळीवर: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." तिथे सूचना घ्या, ठराव नको. उपविधी दुरुस्तीसारखा विषय नोटिशीत नसेल तर तो तिथे घेताच येत नाही, हे सभेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. "मंजूर, मंजूर" च्या गजरात विषय संपवला की सभा लवकर आटोपते खरी, पण सूचक-अनुमोदकाचे नाव टिपायचे राहिले तर ते भांडण पुढच्या वर्षी येते.

मार्केटिंग, कास्टिंग एक्स्पोर्ट

पुण्याहून ग्राहकाची माणसं चार-पाच तास गाडी चालवून येतात, त्यांना संस्थापकांचा फोटो आणि १५ मिनिटांचा इतिहास नको असतो. फोटो रिसेप्शनला लावा. पहिल्या स्लाइडवर लोखंडाची ग्रेड (एफजी २६०, एसजी ५००/७ वगैरे), फर्नेसची क्षमता, मोल्ड बॉक्सचं माप, पार्टचं कमीत कमी-जास्तीत जास्त वजन, महिन्याची मोकळी क्षमता. दुसऱ्यावर गेल्या १२ महिन्यांचं पीपीएम (दहा लाख नगांमागं खराब किती), वाईट महिन्यासकट. मग लाइनवर चला.

तक्रारीवरच्या एट-डी (आठ पायऱ्यांनी तक्रार सोडवायची पद्धत) मिटिंगला कारणापासून सुरुवात करू नका. आधी संशयित नग कुठं किती ते सांगा: आपल्या यार्डात, वाटेतल्या ट्रकमध्ये, ग्राहकाच्या स्टोअरला, लाइनवर. चार आकडे आणि प्रत्येकासमोर वेगळे काढायची वेळ. हे ऐकल्याशिवाय समोरचा शांत होत नाही, तोवर तुमचा फिशबोन (कारणं मांडायची माशाच्या काट्यासारखी आकृती) फुकट.

आयटी, घरून काम

झूमच्या फुकट प्लॅनला ४० मिनिटांची मर्यादा आहे, गूगल मीटला तीन किंवा जास्त जण असले की एक तास. पैसे भरू नका, तीच घंटा समजा. एका खोलीत दोन लॅपटॉप असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. नुसता माइक बंद केला तर आवाज फिरतो.

अकाउंट्स, उद्यमनगर

चहा. मिटिंगच्या मध्ये आणू नका. पोरगं कप वाटेपर्यंत विषय तुटतो आणि परत पहिल्यापासून. संपल्यावर द्या, मग लोक आपोआप आटपतात.

क्वालिटी, शिरोली

इतिवृत्ताबद्दल कुणी लिहिलं नाही. "लवकरात लवकर", "पाठपुरावा करणे", "संबंधितांनी लक्ष द्यावे" हे तीन शब्दप्रयोग बाद. एका ओळीत काम, एकच नाव, तारीख. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्यावर. तासाभरात ग्रुपवर टाका आणि पुढची मिटिंग त्याच यादीनं सुरू करा. तारीख गुरुवारची असू दे. रविवारची दिली आणि सोमवारी साप्ताहिक सुट्टी असली की काम मंगळवारी आठवतं.

धागाकर्ता

भारी माहिती. एक प्रश्न राहिला: साहेबच लांबवत असतील तर?

फौंड्री, प्रॉडक्शन (शिरोली)

आदल्या दिवशी विचारायचं, "साहेब, उद्या यातलं काय ठरवून पाहिजे?" ते जे सांगतील तोच पहिला विषय, शेजारी मिनिटं छापून. घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर, पाठीमागं नाही. आणि विनंती एकच: आपलं मत शेवटी सांगा. त्यांनी आधी सांगितलं की बाकी सगळे मान डोलावतात आणि खरी अडचण मिटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये कळते. मग दुसरी मिटिंग.